गेर्लिंडकाकूंचं इंग्रजी

निशिगंधा सबनीसने कधी कुणाला तोंडावर वाईट म्हटलं, असं तिचा शत्रूसुद्धा सांगू शकला नसता. आणि शत्रू होता कुठे बिचारीला? जर्मनीतल्या त्या नेकारसुल्म गावात तिच्याइतकी लाडकी शिक्षिका शोधून सापडली नसती. सकाळी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत जाऊन इंजिनिअरांना इंग्रजीत मीटिंग कशी चालवायची ते शिकवायचं, दुपारी घरी येऊन वरणभाताचा कुकर लावायचा, आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका खासगी भाषाशाळेत मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचा, असा तिचा दिवस. हायडेलबर्गला एम.ए. करून ती इथे आली ती एका वर्षाच्या करारावर. दुसरं वर्ष सरत आलं तरी शाळा तिला सोडायला तयार नव्हती, कारण तिच्या वर्गातून कुणी गळतच नसे.

गळेल कसं? कुणी कसंही तोडकंमोडकं बोललं तरी बाई टाळ्या वाजवायच्या. "व्हेरी गुड! एक्सलंट!" दिवसभर कारखान्यात राबून आलेली माणसं, त्यांना घरी कुणी कौतुकाने पाणीही विचारत नसेल. ती हा वर्ग चुकवतील होय?

आता यालाही कारण होतं. सांगलीच्या मराठी शाळेतून ती अकरावीला पुण्यात आली, तेव्हा इंग्रजीच्या सरांनी तिला उभं करून उतारा वाचायला लावला आणि भर वर्गात म्हणाले, "बस, बस. कान किटले आमचे." वर्ग फिदीफिदी हसला. त्या दिवशी घरी जाऊन पोरगी जेवली नाही. तेव्हाच तिने ठरवलं, आपण कधी शिकवायला लागलो तर कुणाचा असा पाणउतारा करायचा नाही. ठरवलं ते चांगलंच. पण पाणउतारा न करणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिचं तिलाही उमगलं नाही.

त्यात गावाची तऱ्हा अशी की नवरा ताट चाटूनपुसून साफ करील, पण 'छान झालंय' म्हणायला त्याची जीभ टाळ्याला चिकटते. शिव्या घातल्या नाहीत ना, मग तेच कौतुक समज, अशी तिकडची रीत. आपल्याकडे 'छान, छान' म्हणजे दारी आलेल्याला दिलेलं पाणी, तहान असो नसो, द्यायचंच. तिकडे कुणी 'छान' म्हटलं, तर त्या माणसाने नीट पारखून, मगच तोंड उघडलं असणार असं लोक धरून चालतात. असल्या गावात आमच्या या गोडबोल्या बाई 'परफेक्ट, परफेक्ट' वाटत सुटल्या होत्या.

वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या गेर्लिंड हेफेले. साठीला टेकलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायच्या कारखान्यात काम. एकुलती एक मुलगी आन्के लग्न करून आयर्लंडला गेली होती. तिथे फिन नावाचा नातू नुकताच बोलायला लागला होता आणि बोलायचा ते सगळं इंग्रजीत. फोनवर तो बडबडायचा आणि आजी नुसती हसायची. त्या पोरासाठी म्हणून त्या वर्गात आल्या.

दोघींची मैत्री जमली ती कोटाच्या चेनवरून. निशिगंधाच्या कोटाची चेन तुटलेली, ती आपली थंडीत कोट हाताने मिटून धरून चालायची. गेर्लिंडनी तो अंगावरून काढूनच घेतला आणि दुसऱ्या दिवशी नवी चेन शिवून आणून दिली. 'थँक यू'ला उत्तर काय, तर "थंडीत असं हिंडतात का?" तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी कॉफी ठरली. कचरा कुठल्या डब्यात कुठला, आठवड्याचा जिना झाडायची पाळी आली की पायऱ्या कुठून पुसत यायच्या, सगळं निशिगंधा तिथे शिकली. एकदा तापाने फणफणली तर बाई सूपचं भांडं घेऊन दारात हजर. बोलायच्या मात्र डाफरूनच. जर्मनमध्ये दोघी एकमेकींना अरेतुरेच करत, तिकडे मैत्रीत तसंच असतं. पण निशिगंधाच्या मनात 'अहो काकू'च होतं. आईला फोनवरही ती 'आमच्या गेर्लिंडकाकू' असंच सांगायची.

शुक्रवारी कॉफीवर दोघी इंग्रजीत बोलत. म्हणजे कसं, तर निशिगंधा एकेक शब्द सुटा करून बोलायची, काकू अडखळल्या की तो शब्द आपणच पुरवायची, आणि वाक्य कसंबसं पैलतीराला लागलं की म्हणायची, "परफेक्ट!" दोघींचं छान चालायचं. तिसऱ्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळलं नसतं, पण तिसरं माणूस तिथे होतं कुठे?

गावात निशिगंधाची दुसरी जिवाभावाची मैत्रीण म्हणजे ऊर्मिला. कोथरूडची, मोटारींच्या मोठ्या कारखान्यात इंजिनिअर. तिचा नवरा सत्यजितही तिथेच. दोघांचं ऑफिस चाले इंग्रजीत, त्यामुळे ऊर्मिलाचं जर्मन दुकानापुरतं. शनिवारी तिघं मिळून हाइलब्रॉनला जाऊन भाजी, मसाले आणायचे आणि मग ऊर्मिलाच्या खोलीत पोह्यांचा बेत. खोलीच ती, एकच. त्यात ऊर्मिलाला दिवस गेलेले. कारखाना वाढला तसं गावात घर मिळणं म्हणजे दिव्य झालं होतं. घर बघायला जावं तर जिन्यात रांग. ऊर्मिला रडकुंडीला आली होती.

डिसेंबर लागला तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी काकूंनी कॉफी ओतली आणि बसल्या नाहीत, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"आल्झो, तर ऐक," त्या म्हणाल्या, "आन्केच्या गावात म्हाताऱ्या माणसांचं एक घर आहे. तिथल्या मुख्य बाईला एक बाई हवी आहे. म्हाताऱ्यांजवळ बसायचं, चहा द्यायचा, चार गोष्टी बोलायच्या. आन्केने माझं नाव सांगितलंय. फेब्रुवारीत भेटायला बोलावलंय. इंग्रजी पुरेसं असेल तर जागा माझी."

"अय्या, काकू! किती छान!"

"छान काय, ते नंतर. मी आन्केच्या घरात फुकटची राहायची नाही, तिचीच दोन खोल्यांत दाटी आहे. काम मिळालं तर जवळपास खोली घेईन आणि रोज फिनला बघेन." एवढं बोलून त्यांनी थेट तिच्याकडे पाहिलं. "तू शिकवतेस, तुला कळतं. माझं इंग्रजी तिकडे पुरेल का?"

निशिगंधाला उत्तर लख्ख ठाऊक होतं. शब्द न पुरवता काकूंना दोन वाक्यंसुद्धा धड बोलता येत नाहीत, आणि समोरचं माणूस भरभर बोलायला लागलं तर त्यांना काहीच कळायचं नाही. पण समोर तो चेहरा. नातवाचं नाव घेताना कधी नव्हे तो उजळलेला. तिथे 'नाही पुरणार' म्हणायचं? जीभ रेटेना.

"पुरेल म्हणजे काय! परफेक्ट आहे तुमचं इंग्रजी."

तिच्या मनात तेव्हा आशीर्वादच होता हो. पेपरला निघालेल्या पोराला आपण नाही का म्हणत, 'जा, छान जाणार पेपर'? त्या पोरालाही कळतं की याचा अर्थ पास झालास असा नाही. पण काकूंना हे आशीर्वादाचं गणित कुठून कळावं? त्यांनी मान हलवली. "तू म्हणतेस म्हणजे झालं," म्हणाल्या, आणि मग बसल्या.

पुढच्या शुक्रवारी टेबलावर केक होता. काकू वाढदिवसाशिवाय केक करत नसत.

"घरमालकाला क्युंडिगुंग देऊन आले," त्या म्हणाल्या. म्हणजे घर सोडण्याची नोटीस. "मार्चअखेर घर रिकामं. वेळेवर कळवलेलं बरं."

या घरात काकू नवरी होऊन आल्या होत्या, आन्के इथेच रांगली होती. खिडकीतून समोर द्राक्षाचे मळे दिसत. असं घर, आणि तेही जुन्या भाड्याचं, पुन्हा या जन्मी मिळणार नव्हतं. पण अजून वेळ गेली नव्हती. घरमालक म्हातारा, ओळखीचा. दुसऱ्या दिवशी जाऊन 'चुकलं, मी राहते' म्हटलं असतं तर त्याने आनंदाने कागद परत दिला असता. निशिगंधाने एकच वाक्य बोलायचं होतं: काकू, आधी मुलाखत तर होऊ द्या. तेवढं नाही निघालं तोंडातून. निघालं काय? "वंडरफुल!"

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड निशिगंधाची होती आणि भीक दुसरीच्याच पदरात पडायची होती.

बरं, गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण दुसऱ्याच दिवशी पोहे खाता खाता ऊर्मिला पुन्हा घराचं रडगाणं गायला लागली आणि आमच्या बाईंना तेही बघवेना. "अगं, एक घर रिकामं होतंय," ती म्हणून गेली. ऊर्मिलाने तिला मिठीच मारली. घरमालकाला दोन शिकलेली, पगारदार माणसं आवडली. जानेवारीत करारावर सह्या झाल्या. काकूंनी स्वतः ऊर्मिलाला घर फिरवून दाखवलं, खुणांनी आणि मोठ्या अभिमानाने. एकीला गोड बातमी दिली, दुसरीलाही दिली, आणि निशिगंधाला वाटलं, चला, सगळं छानच होणार.

फेब्रुवारीत काकू आयर्लंडला गेल्या आणि ठरल्यापेक्षा लवकर परत आल्या. वर्गात आल्या नाहीत, फोन नाही. शेवटी निशिगंधाच गेली. घरात खोकी अर्धी भरलेली, काकू मधोमध खुर्चीवर बसलेल्या.

"मुख्य बाई चांगली होती," त्या म्हणाल्या. "पण ती काय बोलते ते मला कळेना. तिने पुन्हा विचारलं, मग पुन्हा. मग म्हणाली, बसा जरा एका आजींजवळ. मी बसले. ती आजी माझा हात धरून काहीतरी सांगत होती. मी म्हणत होते, 'व्हेरी गुड, व्हेरी गुड.' ती रडायला लागली. तरी मी म्हणतेच आहे, 'व्हेरी गुड.'" काकूंनी नाक पुसलं. "नंतर आन्केने सांगितलं, तिची बहीण वारली होती त्या आठवड्यात."

हे ऐकून निशिगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तरी बोलायचं होतं. काकू, चूक माझी आहे, मी तुम्हाला फसवलं. अहो, त्याहून सोपं काही असतं का? पण बाई म्हणाल्या, "तिकडच्या लोकांचे उच्चारच तसे असतात, काकू. मलासुद्धा नाही कळत."

आणि काकूंना ते पटलं! "असं होय," म्हणाल्या, आणि चेहरा जरा हलका झाला. मग म्हणाल्या, "त्या तुझ्या मैत्रिणीला विचारशील? तिने हे घर सोडलं तर मालक मला राहू देईल. मी बोलले त्याच्याशी."

"हो, विचारते ना," निशिगंधा म्हणाली.

विचारलंही. पण कसं? सत्यजित आत चहा करत होता, ऊर्मिला पाय वर घेऊन पलंगावर बसली होती, सातवा महिना. निशिगंधा म्हणाली, "काकूंचं जायचं रहित झालं गं. घर परत मिळालं तर बघत होत्या."

"रहित झालं? का?"

"असंच. मन बदललं त्यांचं."

"मन बदललं?" ऊर्मिला ताडकन सरळ झाली. "निशी, बाळाला काय या खोलीत सुटकेसवर निजवू? त्यांचं मन बदललं म्हणून मी पुन्हा जिन्यातल्या रांगांत उभी राहू? वा गं वा!"

ऊर्मिला काही दगड नव्हती. 'ती बाई माझ्या शब्दावर विसंबून उघड्यावर पडली' असं कुणी तिला सांगितलं असतं, तर तिने सत्यजितला हाक मारली असती, दोघांनी मिळून काहीतरी वाट काढली असती. पण म्हातारीच्या लहरीसाठी कोण घर सोडील? निशिगंधाने मान डोलावली. "बरोबर आहे तुझं," म्हणाली. आणि काकूंना जाऊन काय सांगितलं? "बघते म्हणालीय."

आपल्याकडे 'बघते' म्हणजे 'नाही'. शेंबड्या पोरालाही कळतं ते. काकू मात्र ती बघत्येय म्हणून थांबून राहिल्या, दुसरं घर शोधायचंही थांबल्या. शेवटी घरमालकानेच एक दिवस स्पष्ट सांगून टाकलं, तेव्हा धावाधाव झाली. पण बैल गेल्यावर झोपा करून काय होणार? काकू ओहरिंगनला बहिणीच्या घरी, माळ्यावरच्या खोलीत राहायला गेल्या. शुक्रवारची कॉफी थांबली. निशिगंधाने फोन केले, काकू उचलायच्या आणि "सामान लावतेय" म्हणायच्या. रागावल्या नव्हत्या. अजून त्यांना रागवायचं कुणावर ते ठाऊकच नव्हतं.

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी ऊर्मिलाने नव्या घरात दूध उतू घालायचं ठरवलं. निशिगंधा मदतीला होतीच. शिरा झाला, चुलीपुढे चिमुकली रांगोळी झाली, पातेल्यात दूध चढलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात गेर्लिंडकाकू, हातात तळघराची किल्ली. द्यायची राहिली होती.

"या ना, या!" ऊर्मिलाने त्यांना हाताला धरून आत आणलं. नेमकं तेव्हाच दूध फसफसून वर आलं आणि शेगडीवरून खाली ओघळलं. सत्यजितने टाळ्या वाजवल्या. काकू मात्र "ओ गॉट!" म्हणत झेपावल्या. सवयीने ओट्याखालचं कपाट उघडून फडकं शोधायला लागल्या. ही शेगडी त्यांनी इतकी वर्षं आरशासारखी ठेवली होती. फडकं तिथे नव्हतं. त्या वाकलेल्या तशाच थांबल्या, मग सरळ झाल्या आणि दार चुकलेल्या पाहुणीसारख्या बाजूला उभ्या राहिल्या.

ऊर्मिलाला वाईट वाटलं. तिने शिऱ्याची वाटी त्यांच्या हातात दिली आणि शक्य तितक्या सोप्या, सावकाश इंग्रजीत म्हणाली, मुद्दाम दूध उतू घालतात, घर भरलेलं राहावं म्हणून. मग म्हणाली, तुम्ही आयर्लंडला जायचा विचार बदललात ते बरं झालं, निशिगंधाला तुमच्याशिवाय करमलं नसतं. हे घर तुमचंच समजा, कधीही या.

काकूंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग निशिगंधाकडे. ऊर्मिलाने तेच आणखी सावकाश पुन्हा सांगितलं. काकूंच्या कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले, पण हाती काही लागेना. ऊर्मिला कोथरूडची होती. आयर्लंड तिने नकाशातसुद्धा धड पाहिलं नव्हतं, तिच्या बोलण्यात तिकडचे उच्चार कुठून येणार?

शिऱ्याची वाटी काकूंनी हळूच टेबलावर ठेवली. मग त्या त्यांच्या गावच्या बोलीत बोलल्या, भरभर. ऊर्मिला-सत्यजितला त्यातलं काही कळणं शक्य नव्हतं.

"उच्चारांचा प्रश्न नव्हता."

निशिगंधा सांडलेलं दूध पुसायला लागली.

"तुला केव्हापासून ठाऊक होतं?"

या वेळी गोड काही सुचेना. "आधीपासून," ती म्हणाली.

"मी क्युंडिगुंग दिली तेव्हा?"

"हो, काकू."

काकूंनी मान हलवली, दुकानात हिशेब पटल्यावर हलवतात तशी. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"आन्के मला नाताळात म्हणाली होती, आई, तुझं इंग्रजी नाही पुरायचं, घाई करू नकोस. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, तुला आईची अडचण होते म्हणून बोलतेस. माझी शिक्षिका खोटं बोलत नाही." त्यांनी कोटाची बटणं लावायला घेतली. "त्या दिवसापासून आमचं नीट बोलणं नाही. मी परत आल्यापासून तर फिनलाही फोनवर देत नाही ती."

"मी आन्केशी बोलते, काकू. मी सगळं सांगते तिला."

"नको," काकू म्हणाल्या. "तू काही सांगू नकोस."

किल्ली टेबलावर ठेवून, ऊर्मिलाला मानेनेच निरोप देऊन त्या निघाल्या. जिन्यात त्यांची पावलं खालपर्यंत ऐकू येत राहिली. दोन वर्षांत निशिगंधाने एवढंच केलं होतं, कुणाला दुखवायचं नाही. आणि जिने तिच्या कोटाची चेन शिवली, तिच्या तोंडाशी सूपचा चमचा धरला, तिचं घर गेलं, लेक गेली, नातू गेला. निशिगंधाला ओरडून रडावंसं वाटत होतं.

ऊर्मिला दाराशी आली. पोटावर हात ठेवून, जरा बावरलेली. "काय म्हणत होत्या गं? मी काही चुकीचं बोलले का? घर गेलं म्हणून रागावल्यात का माझ्यावर?"

सगळं सांगायला तोंड उघडलं होतं निशिगंधाने. पण समोर तो चेहरा, नव्या घरातला, आनंदाचा दिवस.

"छे गं," ती म्हणाली. "घर छान लावलंयस म्हणाल्या."

"खरंच?" ऊर्मिलाचा चेहरा खुलला.

"हो, खरंच," निशिगंधा म्हणाली.